आधी निखारा, मग पाचारण

पुणे,
रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

शिबिराच्या शेवटच्या रात्री तू पुढे गेलीस, खूप रडलीस, आणि आता राजीनामा देऊन जूनपासून बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जायचं म्हणतेस. मला आनंद झाला आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना आई अडवतेय असं वाटायला नको. पण तुझ्या पत्रात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं (यशया ६) आठवं वचन पुन्हा पुन्हा येतं, ‘हा मी आहे, मला पाठव’, आणि पाचवं, सहावं, सातवं कुठेच येत नाही. त्या तीन वचनांसाठी हे पत्र.

तो अध्याय एकटा वाचू नकोस. आधी २ इतिहास २६ काढ. यहूदाचा राजा उज्जीया सोळाव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने ५२ वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, सैन्य उभारलं. मग मन उन्मत्त झालं आणि तो धुपाटणं घेऊन स्वतःच मंदिरात धूप जाळायला शिरला. ते काम याजकांचं. अजऱ्या आणि त्याच्याबरोबरचे ८० याजक आडवे आले, राजा संतापला, आणि धूपवेदीजवळ उभा असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. कारभार मुलगा योथाम पाहू लागला. आता लेवीय १३:४५ बघ: कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडावं.

हे मनात ठेवून यशया ६:१ वाच. ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी.’ म्हणजे इ. स. पूर्व ७४० च्या सुमाराला. प्रभूचं उंच सिंहासन दिसतं, सराफीमांची, म्हणजे सिंहासनाजवळच्या पंखधारी स्वर्गीय सेवकांची, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ ही हाक ऐकू येते, उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरतं, आणि यशयाच्या तोंडून काय निघतं? मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. कोड झालेल्याने ओरडायचा तोच शब्द अंगावर डाग नसलेला संदेष्टा आपणहून स्वतःला लावतो. राजा हक्काने वेदीपाशी गेला आणि बाहेर काढला गेला. यशया जागचा हललासुद्धा नाही. वेदीवरचा निखारा चिमट्यात धरून त्याच्याकडे आणला गेला आणि त्याच्या ओठांना लावला गेला. या दोन माणसांमधलं अंतर समजलं की पश्चात्ताप म्हणजे काय ते बरंचसं समजलं.

त्याआधीचा पाचवा अध्यायही वगळू नकोस. त्यात यशया सहा वेळा ‘हाय हाय’ म्हणतो: घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांवर, सकाळपासून दारूच्या मागे लागणाऱ्यांवर, अधर्म दोऱ्यांनी ओढून आणणाऱ्यांवर, वाइटाला चांगलं म्हणणाऱ्यांवर, स्वतःला शहाणे समजणाऱ्यांवर, आणि पिण्यात शूर असून लाच घेऊन दोषीला सोडणाऱ्यांवर. सगळं खरं होतं. त्यातला एक शब्दही देवाने मागे घ्यायला लावला नाही. पण देवासमोर उभं राहिल्यावर पुढची हाय त्याच्या स्वतःवर आली, आणि नेमकी ओठांवर आली. ज्या ओठांनी सेवा करायची तेच अशुद्ध दिसले. लूक ५ मध्ये येशूचा शिष्य पेत्र याचंही असंच आहे. मासे धरणं हे त्याच्या हातचं काम, आणि त्याच कामात प्रभूने जाळी फाटू लागेपर्यंत मासे दिल्यावर तो गुडघ्यांवर आला: ‘प्रभुजी, माझ्यापासून जा.’ म्हणून तुझी वाणी, तुझं गाणं, तुझं लोकांत मिसळणं, ज्याचं सगळे कौतुक करतात, तपासणी तिथून सुरू कर.

सराफीमांकडे थोडा वेळ बघ. सहा पंख: दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले, दोहोंनी उडणं. त्यांनी काही पाप केलेलं नाही, तरी ते तोंड झाकतात. देवाची पवित्रता म्हणजे आपल्या चांगुलपणाची वरची पायरी नव्हे. तो देव आहे आणि आपण त्याची निर्मिती, हे तिच्यात आधी येतं. हे विसरलं की पश्चात्ताप नुसता चुकांचा हिशेब होतो.

तरीही हिशेब करावा लागतो, कारण ‘मी पापी आहे’ एवढं मोघम म्हणून कोणी बदलत नाही. एक संध्याकाळ काढ, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, मत्तय ५ ते ७ सावकाश वाच आणि जिथे अडशील तिथे वहीत लिही: कोणाशी, काय, केव्हा. ‘मी खोटं बोलते’ असं नको. ‘अमक्याच्या कामाचं श्रेय मीटिंगमध्ये मी घेतलं’ असं लिही. मग प्रत्येक ओळ तिच्या जागी ने. जे फक्त देवासमोर घडलं ते देवाजवळ. एखाद्या माणसाशी वागण्यात झालं असेल तर त्याच्याजवळ, समोरासमोर; रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. चारचौघांत बोललीस तर चारचौघांत. मनातल्या मनात कोणाचा हेवा केला असशील तर तो त्याला जाऊन सांगू नकोस. तुझं ओझं हलकं होईल आणि त्याच्या डोक्यावर बसेल. माफी मागताना वाक्यात ‘पण’ आला तर थांब, पुन्हा सुरू कर. आणि समोरच्याने तिथल्या तिथे क्षमा केलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नकोस.

पैशांचं वेगळं आहे. लेवीय ६ प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. कंपनीकडून खोट्या बिलावर ५००० घेतले असतील तर ६००० परत. जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. परतफेडीशिवाय रडणं लवकर सुकतं.

मात्र ही वही म्हणजे निखारा नाही. यशयाने काही भरपाई केल्यावर तो शुद्ध झाला असं तिथे लिहिलेलं नाही. त्याने फक्त कबूल केलं. दोष दूर झाला तो वेदीवरून आलेल्या निखाऱ्याने. योहान १२:४१ म्हणतो की यशयाने पाहिलं ते ख्रिस्ताचं वैभव, म्हणून आपण ती वेदी वधस्तंभापाशी पाहतो. इथे पुष्कळ भले लोक अडकतात. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला, त्याने रुप्याची ३० नाणी परत केली, ‘मी पाप केलं’ हेही म्हणाला, पण गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? प्रभूला नाकारल्यावर पेत्रही ढसढसा रडला, पण प्रभूने त्याला पुन्हा शोधलं तेव्हा तो इतर शिष्यांबरोबर होता. २ करिंथ ७:१० मधलं दोन दुःखांतलं, देवाकडे वळवणाऱ्या आणि नुसत्या जगिक दुःखातलं, अंतर हेच. म्हणून कबुली झाली की पाप कबूल करणाऱ्याला क्षमेचं वचन देणारं १ योहान १:९ मोठ्याने वाच आणि ती पानं फाडून टाक. क्षमा झालेलं पाप पुन्हा उकरणं ही नम्रता नव्हे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या दृष्टीने पुन्हा वाच. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडात. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचाच आहे, हे त्यांना कळलं ते पुण्यात शारदा सदन चालवत असताना, सुमारे आठ वर्षांनी. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृती झाली, मुली पापं कबूल करत रडल्या, हे सगळे सांगतात. त्याच मुक्तीत शेती, विणकाम आणि छापखानाही चालत होता, आणि रमाबाईंनी मृत्यूपर्यंत, १९२२ पर्यंत, बायबलचं भाषांतर केलं, हे कमी लोक सांगतात.

आता तुझं आठवं वचन. देव यशयाचं नाव घेऊन बोलावत नाही. ‘मी कोणाला पाठवू?’ हे यशयाला ऐकू येतं, कारण ओठांना निखारा लागून गेलेला आहे. कुठे, किती पगारावर, हे तो विचारत नाही. पुढे त्याला मिळतं ते काम असं की लोक ऐकतील पण समजणार नाहीत. तो विचारतो, ‘प्रभू, हे कोठवर?’ आणि उत्तरात ओसाड शहरं आणि झाडाचा उरलेला बुंधा. तेव्हा गर्दी जमली तरच पाचारण खरं, असं मनात धरून निघू नकोस. आणि पाचारण म्हणजे पाळकपणच असंही नाही. लूक ३ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना आणि शिपायांना नोकरी सोडायला सांगितलं नाही; नेमल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, एवढंच सांगितलं. प्रेषितांची कृत्यं १३ मध्ये पौल आणि बर्णबा यांना मंडळीने उपास आणि प्रार्थना करून पाठवलं, तेही पौलाला ख्रिस्ताचं दर्शन झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

म्हणून राजीनामा आत्ता देऊ नकोस. तिथल्या मंडळीत संडे स्कूलचा एक वर्ग वर्षभर घे, ज्यात टाळ्या नसतात. मंडळीच्या वडीलजनांना विचार आणि त्यांनी ‘थांब’ म्हटलं तर कारण विचार. पुढच्या महिन्यात पुण्याला येशील तेव्हा पाळकसाहेबांशी बोल. रविवारी उपासनेनंतर त्यांच्याभोवती गर्दी असते. मंगळवारी सकाळची वेळ मी मागून ठेवते. वही मला दाखवायची गरज नाही.

तुझी,
आई