पडलेल्या झाडाखाली जरा वाकून बघा

संपादक साहेब,

वळवाच्या वाऱ्यात राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाकडं मोठं झाड आडवं झालं की लगेच जेसीबी लावून सगळं साफ करा आणि खड्डे काढून नवीन झाडं लावा अशी मागणी होते, पण तिथली पुढची पिढी त्या पडलेल्या झाडाखालीच उभी असते ओ! सावली सोसणारी रोपं चार-सहा पानांवर कैक वर्षं तशीच थांबलेली असतात आणि वरून ऊन आलं की भराभर उंची घेतात. काही झाडांचं बी तर मातीत झोपून उजेडाचीच वाट बघत असतं. सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळानं पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचं एल युंके जंगल पार उघडं केलं, तिथं सेक्रोपिया या ऊन मिळताच झपाट्यानं वाढणाऱ्या झाडाची रोपं अशीच वर आली, आपल्याकडं चांदाडा हे झाड तेच करतं.

पण ऊन जास्त झालं तर वरची माती वाळते, आणि बोटभर रोपाची मुळं खोल गेलेली नसतात त्यामुळं ते उन्हाळ्यात जळतं. पालापाचोळा, मोडक्या फांद्या ओल धरतात म्हणून पसरून राहू द्या, फक्त जाड ढीग नको, त्याखाली कोंब गुदमरतो. रानमोडी हे तण मात्र वेळीच उपटलं पाहिजे. रस्त्यावरचं झाड हलवाच, जंगलातल्या पडझडीवर मशीन घालू नका, आणि निदान पहिली दोन-तीन वर्षं तिथं गुरं आणि वणवा जाणार नाही एवढं वन खात्यानं आणि आपण गावकऱ्यांनी मिळून बघावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर