‘रोगप्रतिकारक’ म्हणजे नेमके कशाला?

महोदय,

आपल्या कृषी पुरवणीतील लेखात ‘ढोबळी मिरचीचे रोगप्रतिकारक वाण लावा आणि मूळकूज, करपा दोन्ही विसरा’ असा सल्ला वाचला. त्याच्या पूर्वार्धाशी मी सहमत आहे, उत्तरार्धाशी नाही. फायटोप्थोरा कॅप्सिसी हा बुरशीसदृश जीव (त्याचे पहिले वर्णन १९२२ साली न्यू मेक्सिकोतील मिरचीवरूनच झाले) मुळे कुजवतो आणि पानेही करपवतो, हे खरे. परंतु मुळांची आणि पानांची प्रतिकारशक्ती वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून असल्याने एक मिळाली म्हणजे दुसरी मिळालीच, असे नसते. जगभरचे पैदासकार ज्याचा आधार घेतात तो मेक्सिकोतील ‘क्रिओलो दे मोरेलोस ३३४’ हा वाण बारीक, तिखट फळांचा आहे आणि त्याची अनेक जनुकांत विखुरलेली प्रतिकारशक्ती जाड गराच्या ढोबळीत पूर्णपणे उतरवणे अवघड जाते.

गेल्या श्रावणात माझ्या शेतात प्रतिकारक खुंटावरील (म्हणजे कलमाखालच्या मुळांसकट झाडावरील) कलमांची मुळे उपटून पाहिली तेव्हा पांढरीशुभ्र होती. मात्र पावसाचे शिंतोडे उडालेल्या कडेच्या ओळींत फांद्यांच्या बेचक्यात काळे चट्टे पडून शेंडे माना टाकत होते. खुंट मुळांना वाचवतो, वरच्या कलमाला नव्हे. शिवाय या रोगजीवाचे प्रकार प्रदेशानुसार बदलतात. त्यामुळे बियाण्याच्या पाकिटावर नुसते ‘रोगप्रतिकारक’ न छापता कोणता रोग, झाडाचा कोणता भाग आणि कोठल्या जमिनीतील चाचणी, हे स्पष्ट लिहिणे बंधनकारक करावे.

– एक मिरची उत्पादक, नारायणगाव