पुलाच्या पोटातला गंज ऑडिटमध्ये दिसतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याच्या बातम्या येतात. कोणत्या पुलाच्या कोणत्या भागावर कोणती चाचणी केली, हे मात्र कधीच छापून येत नाही. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून सात जणांचे जीव गेले. ऑडिटने त्याला किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. महाडचा सावित्री पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. त्याचीही पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती.

बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, म्हणून कळकळीने लिहितो. आपल्याकडे सर्रास होते ती रिबाउंड हॅमरची चाचणी, म्हणजे स्प्रिंगचा हातोडा आपटून किती उसळतो यावरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज घेणे. गिलावा काढायचा, काँक्रीट घासून घ्यायचे, हॅमर दाबायचा, आकडा टिपायचा. काम स्वस्त आणि झटपट. पण त्यातून कळते ते फक्त वरच्या थराचे. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग टणक होतो आणि आकडा उलट चांगला येतो. त्याच प्रक्रियेने आतल्या सळईचे गंजापासूनचे संरक्षण मात्र संपत आलेले असते!

सळईच्या गंजाचा अंदाज हाफ-सेल चाचणीने, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून येतो. एक तार सळईला जोडायची आणि कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड आखलेल्या चौकटींवर फिरवायचा. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त.

प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबलनी काँक्रीट आवळून धरलेल्या पुलांत हेही पुरत नाही. तिथल्या केबल बहुधा धातूच्या नळीत असतात, त्यामुळे बाहेरून वाचन मिळत नाही. नळीत ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) नीट भरला नसेल तर पाणी शिरते आणि वरून तडाही न दिसता केबल तुटत जाते. गोव्यात १९७० साली खुला झालेला मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी पडला, तो केबल गंजल्यामुळेच. ठाणे खाडीच्या पहिल्या पुलाचे दुखणेही तेच होते. अशा ठिकाणी अँकरेजजवळ (केबलचे टोक घट्ट बसवलेल्या जागी) आणि केबलच्या उंच टप्प्यांवर लहान छिद्र पाडून एंडोस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्याने आत पाहावेच लागते. खर्च होतो, वाहतूक थांबवावी लागते, पण त्याला इलाज नाही.

माझी मागणी एवढीच, की महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी प्रत्येक पुलाचा पूर्ण अहवाल संकेतस्थळावर टाकावा. गर्डर (पुलाच्या तुळया), बेअरिंग (तुळईखालचे टेकू), केबल, पाण्याखालचा पाया यांपैकी कशाची कोणती चाचणी झाली, वाचन काय आले, हे त्यात असावे. आणि जिथे पोहोचताच आले नाही, त्या भागांची यादी पहिल्याच पानावर हवी.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ठाणे