तुळस तुम्हीच उतरवून घ्या

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर "बरंय, जेवलो" एवढंच म्हणालात आणि फोन दादाच्या हातात दिलात. म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा.

दादाकडून कळलं, यंदा लोणंदच्या मुक्कामाला आपल्या घरी दिंडीची पंगत नको, असा निरोप तुम्ही महाराजांना धाडलात. बाबा, मी परवा त्यांना फोन करून सांगितलं, पंगत आपल्याच अंगणात होईल. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल रागवा मला. आणि दुसरं म्हणजे, आईच्या जागी मी चालणार आहे. आळंदी ते पंढरपूर, पूर्ण. रजा मंजूर झाली आहे.

आत्याचं म्हणणं, आईला जाऊन वर्ष झालं नाही, दारात मांडव नको. तिचं मन मला मोडायचं नाही. पण आईची वारी एकदाच चुकली, तीही माझ्या बाळंतपणात. आजी गेली त्या वर्षीसुद्धा ती चालली. तुम्हीच तिला स्टँडवर सोडायला गेला होतात. तेव्हा आत्याला काय म्हणाला होतात ते आठवा, मी इथे लिहीत नाही.

खरं सांगू? गेल्या ज्येष्ठात आई म्हणाली होती, "पालखी तुझ्या हडपसरवरूनच जाते, सासवडपर्यंत तरी चल. घाट चढू दोघी." मी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिच्या हातात पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू दिले, आणि ऑफिसला गेले. डोक्यावर तुळस सावरत तिनं दोनदा मागं वळून बघितलं. दिवे घाटाकडे जाणारी तिची पाठ मला अजून दिसते. मी काही पाप धुवायला निघालेली नाही, तसं समजू नका. मला फक्त तिच्या वाटेनं चालायचं आहे.

त्या तेरा दिवसांत दिंडीतल्या बायका रोज तिन्हीसांजेला यायच्या. आपल्या घरात चूल नव्हती, तर पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊनच यायच्या. आधी आपल्याला दोन घास खायला लावायच्या आणि मग हरिपाठ. मला आधी रडूच येत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी टाळ वाजले, आईच्या जागेवर तिचा टाळ नुसता ठेवलेला दिसला, तेव्हा बांध फुटला. त्यांचीही आई गेली आहे, बाबा. त्यांना अंगणात येऊ द्या.

तुम्ही हरिपाठाला बसत नाही, असं दादा म्हणाला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. ताई गेली तेव्हा आईनंही दोन महिने देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता. तुम्ही लावायचात, तिला एका शब्दानं न बोलता. आता वहिनी लावते आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा बसा.

पंगतीची काळजी करू नका. पिठाचं वहिनीनं बघितलंय, भाकऱ्या गल्लीतल्या बायका थापणार आहेत. शेगड्या आणि पाण्याचा टँकर दादाकडे. तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, बस्स. माझीही काळजी नको. सामान ट्रकमध्ये असतं, तंबूत आईच्याच मैत्रिणींमध्ये झोपणार आहे. रात्री समाजआरती झाली की तुम्हाला फोन करीन.

आई वारीला गेली की माझ्या वेण्या तुम्ही घालायचात. एक वर, एक खाली, आणि रिबीन इतकी घट्ट की डोळे ओढले जायचे. तशीच शाळेत जायचे मी. नीरेच्या काठी माऊलींच्या पादुकांचं स्नान बघायला खांद्यावर बसवून न्यायचात. गर्दीत आई दिसली की आधी मीच ओरडायचे. यंदा तुम्ही गर्दीत शिरायचं नाही. घरीच थांबा. मी दारात येते.

गुडघ्याचं तेल रोज लावून घ्या. साखरेच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे भरल्या आहेत, रविवारचा खण परवा भरलेलाच होता, असं नातवानं मला सांगितलं आहे. गच्चीवर चढायचं नाही. धान्याला ऊन दादा दाखवील. रात्री उठलात तर आधी दिवा लावा, मग पाय खाली टाका. आणि रेडिओ लावत जा ना बाबा. एवढं शांत घर बरं नाही.

आई दारात आली की तिच्या डोक्यावरची तुळस तुम्ही उतरवून घ्यायचात. मग तिच्या पायांवर तांब्याभर गार पाणी. माझ्या डोक्यावरचीही तुम्हीच उतरवून घ्या. मी दारातच उभी राहीन.

तुमची,
चिमी

ता. क. तुळशीचं पितळी वृंदावन माळ्यावर आहे. शिडीवर तुम्ही चढू नका, दादाला काढू द्या. त्यात लावायला आपल्या अंगणातल्या तुळशीचंच रोप घ्या, आईनं मंजिऱ्या चुरून पेरल्या होत्या तिथलं.