स्कोररबुवा, घड्याळाबद्दल

नोव्हाय, मिशिगन
२५ जानेवारी २०२५

प्रिय स्कोररबुवा,

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मी दारातला बर्फ उपसत होतो. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. एकदम विचारलंस, "३९४ पैकी ३९३. तो एक कोण रे?" इचिरो या जपानी बेसबॉलपटूला ३९४ पैकी ३९३ मतं मिळून तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत गेला, ही बातमी मोबाइलवर वाचून तुला बेसबॉलबद्दल पहिल्यांदाच काहीतरी विचारावंसं वाटलं. तेही होमरनबद्दल नाही, मतमोजणीबद्दल! सत्तावीस वर्षं मी इथं आहे आणि तू या खेळाला ‘दांडपट्टा’ म्हणत आलास. फावडं हातात धरून काय सांगणार, म्हणून म्हटलं, पत्र लिहितो.

तो एक कोण, ते कुणालाच माहीत नाही. हॉल ऑफ फेममध्ये कोण जाणार हे बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार ठरवतात, तेही किमान दहा वर्षं संघटनेत असलेले. ७५ टक्के मतं पडली की खेळाडू आत. इचिरोचे इथले हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, ३,०८९, शिवाय जपानमधले १,२७८. ओळीनं दहा सीझन दोनशेच्या वर हिट. तरी एकानं त्याचं नाव लिहिलं नाही. २०२० मध्ये डेरेक जीटरचंही असंच, ३९७ पैकी ३९६. आजवर सगळीच्या सगळी मतं फक्त मारियानो रिव्हेराला मिळालीत, २०१९ मध्ये. बेब रूथलासुद्धा नाहीत, आता बोल.

पण लेका, हॉल ऑफ फेमची भांडणं थंड असतात. खेळाडू निवृत्त झालेला, चिडायला पाच वर्षं मिळालेली. खरं रणकंदन होतं ते वर्षाच्या बक्षिसावर, एमव्हीपीवर. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर. आमच्या घरात २०१२ च्या शरद ऋतूत त्यावरून जे झालं ते तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी काय म्हणत होतो! आज सांगतो, कारण तू म्हणतच होतास.

मिगेल कॅब्रेरा आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा. २००३ मध्ये या टीमनं ११९ मॅच हरल्या होत्या, मी तेव्हाही पाहत होतो, यावरून माझी निष्ठा समज. २०१२ साली कॅब्रेरानं ट्रिपल क्राउन मिळवला: लीगमध्ये सगळ्यात जास्त सरासरी (.३३०, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींत ३३० हिट), सगळ्यात जास्त होमरन (४४) आणि सगळ्यात जास्त आरबीआय (१३९). आरबीआय म्हणजे तुझ्या फटक्यावर किती जण घरी पोचले, म्हणजे किती धावा झाल्या. तिन्ही एकाच वर्षी एकाच माणसानं करायचं हे १९६७ नंतर कुणाला जमलं नव्हतं. शेवटची मॅच कॅन्सस सिटीत होती. मुकुट पक्का झाला तसं चौथ्या डावात त्याला विश्रांतीसाठी बाहेर काढलं आणि समोरच्या टीमचं गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मी सोफ्यावर बसून डोळे पुसले. बायको म्हणाली, वडील गेले तेव्हासुद्धा असे रडला नव्हतात.

आणि तिकडे कॅलिफोर्नियात एंजल्सकडे माइक ट्राउट नावाचं पोरगं होतं. ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण केली, पहिलंच पूर्ण वर्ष, त्यातही एप्रिलच्या अखेरीस टीममध्ये आलेला. सरासरी .३२६, होमरन ३०, आरबीआय ८३. तीन रकाने पाहिलेस तर विषय संपला. पण त्यानं ४९ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसवर पळाला, आणि फक्त ५ वेळा पकडला गेला. १२९ धावा स्वतः पळून काढल्या. सेंटर फील्डला उभा राहायचा आणि बाल्टिमोरला त्यानं भिंतीवर चढून, पलीकडे जाणारा होमरन हातात घेतला होता. कॅब्रेरा थर्ड बेसला उभा असायचा, तोही त्याची फर्स्ट बेसची जागा नव्या महागड्या खेळाडूला द्यावी लागली म्हणून. आपल्या भाषेत, स्लिपमधल्या माणसाला कव्हरला धाडलेलं. प्रयत्न प्रामाणिक होता, एवढंच म्हणतो.

मला हे पोरगं धड दिसलंच नव्हतं. पश्चिमेकडची मॅच इकडच्या रात्री दहाला सुरू होते. आम्ही झोपलो की ट्राउट खेळायचा, आणि सकाळी पेपरात राहायचे ते तीनच रकाने.

धाकटी तेव्हा चौदाची, नुकतीच हायस्कूलला गेलेली. ती जेवताना म्हणाली, "बाबा, ट्राउट जास्त चांगला खेळलाय." डेट्रॉइटच्या परिसरात, माझ्या टेबलावर, माझी वरण-भाकरी खाऊन! तिनं मला वॉर शिकवला. विन्स अबव्ह रिप्लेसमेंट. गिरणीत बदली कामगार असायचे ना? कायमचा माणूस आला नाही तर गेटवर उभ्या असलेल्यातला एक आत घ्यायचा. वॉर तेच मोजतो. हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी गेटवरचा बदली आणला असता तर टीम किती मॅच कमी जिंकली असती? बॅटिंग, पळणं, फील्डिंग, कुठल्या जागी उभा राहतो, मैदान फटक्यांना सोपं की अवघड, सगळं त्यात येतं. कॅब्रेराचा आकडा सातच्या आसपास, ट्राउटचा दहाच्या वर.

मी म्हटलं, हे कुणीतरी घरात बसून काढलेलं गणित आहे. तिनं विचारलं, "आणि आरबीआय काय झाडाला लागतो?" पुढचे दोन दिवस मी वाचत बसलो, तिला खोडायला. काय सापडलं ऐक, हे खास तुझ्यासाठी आहे. ही सगळी आकडेमोड ज्यानं रुजवली तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, १८२४ चा जन्म, आणि न्यूयॉर्ककडे क्रिकेटचा बातमीदार. १८५६ मध्ये क्रिकेटची मॅच आटोपून येताना त्यानं बेसबॉल पाहिला आणि तिथंच अडकला. बॉक्स स्कोअर म्हणजे अख्खी मॅच एका चौकटीत मांडायची पद्धत त्यानं बसवली, क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरून. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याला, स्कोअरबुकात ‘के’ लिहितात तेही त्याचंच, ‘स्ट्रक’मधलं शेवटचं अक्षर, कारण ‘एस’ दुसरीकडे वापरलेला. तू मेडन ओव्हरचे सहा ठिपके जोडून ‘एम’ करायचास आणि विकेट पडली असली तर ‘डब्ल्यू’, त्याच जातीचा माणूस.

पण चॅडविकच्या मते चार वाईड चेंडू सोडून फुकट बेस मिळवणं ही पिचरची चूक, फलंदाजाचं कर्तृत्व नव्हे. म्हणून ‘वॉक’ सरासरीत धरत नाहीत. १८८७ साली एकच वर्ष धरून पाहिला आणि सोडून दिला. म्हणजे बघ, ज्या सरासरीला मी देवघरात ठेवलं होतं तीसुद्धा एका माणसाचं मतच होती. आणि आरबीआय? तो अधिकृत झाला १९२० मध्ये. तुझ्यापुढचे दोघं बेसवर पोचलेच नाहीत तर तू काय डोंबल घरी आणणार? आठव्या नंबरवर येणाऱ्याला, टीम आधीच ढेपाळलेली असताना, पन्नास का होत नाहीत असं विचारण्यासारखं ते.

शेवटचा टोला धाकटीनं मारला. "बाबा, ट्रिपल क्राउनवाल्याला एमव्हीपी मिळालाच पाहिजे असं म्हणताय? १९३४ बघा." लू गेरिग, न्यूयॉर्क यांकीज, सरासरी .३६३, होमरन ४९, ट्रिपल क्राउन. बक्षीस कुणाला? मिकी कॉक्रन, दोन होमरन. दोन! विकेटकीपरसारखा कॅचर, टीमचा मॅनेजरही तोच, आणि टीम कुठली? डेट्रॉइट टायगर्स. टेड विल्यम्सनं तर दोनदा ट्रिपल क्राउन घेतला, १९४२ आणि १९४७, आणि दोन्ही वेळा बक्षीस दुसऱ्याला. १९४७ ला २०२ विरुद्ध २०१, एका गुणानं. म्हणजे ‘पूर्वी आकड्यांचा मान ठेवायचे’ हे माझं म्हणणंही गेलं. पूर्वी जिंकणाऱ्या टीमचा मान ठेवायचे, आणि विल्यम्स पत्रकारांशी नीट बोलत नसे हेही कुणी विसरत नसावं.

मतदान कसं होतं तेही सांगतो, तुला आवडेल. लीगमधल्या प्रत्येक शहरातले दोन पत्रकार, तेव्हा टीम चौदा म्हणून मतदार अठ्ठावीस. प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असं एकपर्यंत. प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आत मतं द्यायची. आणि ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे काय हे नियमात सांगितलेलंच नाही! मतपत्रिकेबरोबरच्या सूचनेतच लिहिलंय की नेमकी व्याख्या नाही, ज्यानं त्यानं ठरवावं. गंमत अशी की डेट्रॉइट ८८ मॅच जिंकून प्लेऑफला गेलं आणि एंजल्स ८९ जिंकून घरी बसले, कारण त्यांचा गट तगडा. कॅब्रेराच्या बाजूचे म्हणत, बघा, यानं टीम पुढं नेली. एक मॅच कमी जिंकून!

हे सगळं वाचल्यावर मी गप्प बसलो असेन असं वाटतं तुला? नाही बसलो. १५ नोव्हेंबरला निकाल लागला. कॅब्रेराला पहिल्या क्रमांकाची २२ मतं, ट्राउटला ६. गुण ३६२ विरुद्ध २८१. मी शेजारच्या घरात ऐकू जाईल असा ओरडलो. धाकटी जिना चढून गेली आणि दार लावलं. त्याच महिन्यात ओबामा निवडून आला होता आणि पन्नासच्या पन्नास राज्यांचं भाकीत बरोबर करणारा नेट सिल्व्हर मूळचा बेसबॉलच्या आकड्यांतलाच, हेही तिनं दाराआडून सांगितलं.

एका गोष्टीवर मी अजून अडून आहे. वॉरचे किमान दोन हिशेब आहेत, दोन वेगवेगळ्या ठिकाणचे, आणि ते जुळत नाहीत. फील्डिंगचा भाग तर बराचसा अंदाज. शिवाय सूत्र सुधारलं की जुन्या वर्षांचे आकडेही हलतात. २०१२ ची मॅच संपून गेली, पण ट्राउटनं त्यात किती कमावलं हे नंतर बदलू शकतं. तू पेनानं लिहिणारा माणूस, तुला हे रुचेल का? आणि आता तर पगारातही तो शिरलाय. २०२२ च्या करारापासून नव्या खेळाडूंसाठी दरवर्षी पाच कोटी डॉलरची गंगाजळी असते. त्यातले २५ लाख एमव्हीपीला, आणि बक्षिसांचे वाटून उरतात ते वॉरसारख्या हिशेबानं. पत्रकाराच्या मतानं एखाद्या पोराचं घर होतं किंवा राहतं. काही मोठे पेपर आपल्या लोकांना मतच देऊ देत नाहीत, ते मला पटतं. बातमी लिहायची की बातमी घडवायची?

पण पत्रकार बदलले, हे मानायला हवं. २०१६ मध्ये एंजल्स ८८ मॅच हरले आणि तरी एमव्हीपी ट्राउटच. २०१८ मध्ये जेकब डीग्रोम नावाच्या पिचरच्या नावावर फक्त दहा विजय, कारण त्याची टीम त्याला धावाच करून देत नसे. त्याची गोलंदाजीची सरासरी १.७०. तीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. साय यंगच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरच्या बक्षिसात त्याला पहिल्या क्रमांकाची तीसपैकी २९ मतं पडली.

आता घड्याळ.

ती टेनिस बॉलची टुर्नामेंट आठवते ना, वर्ष तू सांगशील. मॅन ऑफ द सिरीज मी, चार मॅचमध्ये १६७. बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. आणि तू आयोजकांच्या टेबलापाशी स्कोअरबुक घेऊन भांडत होतास, की त्यातले ९१ एका मॅचमध्ये आलेत, ज्यांचे दोन बॉलर यात्रेला गेलेत त्यांच्याविरुद्ध. बक्षीस त्या डावखुऱ्या स्पिनरला द्या, टेलरच्या मुलाला, ज्यानं षटकाला तीनपेक्षा जास्त कधी दिले नाहीत आणि तीन मॅच त्यामुळे आल्या. विकेट त्याला फार नव्हत्या, म्हणून कुणी ऐकलं नाही. मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नाही. म्हटलं, दोस्ताचं बघवत नाही.

धाकटीच्या बंद दारापुढं उभा असताना मला तूच आठवलास, मर्दा. तीच मान तिरकी करून बोलायची पद्धत. तुझं बरोबर होतं. ट्राउट जास्त चांगला खेळला होता आणि तो टेलरचा मुलगासुद्धा.

मात्र कॅब्रेराचं बक्षीस कुणी परत मागितलं तर मी आजही भांडेन, आणि घड्याळ देणार नाही. ते आमच्या माडीवर अजून आहे, गेल्या खेपेला दहा मिनिटं मागं होतं.

एक काम कर. ते स्कोअरबुक तू टाकलेलं नसणार, त्या चार मॅचच्या पानांचे फोटो पाठव. धाकटी आता विमा कंपनीत हेच आकड्यांचं काम करते. म्हणाली, "ठिपके नीट दिसले तर बाबा, तुमचा वॉर काढून देते." मी म्हटलं, वजा आला तर फोन करू नकोस.

आणि हो, इचिरो परवा म्हणाला की ज्यानं मत दिलं नाही त्याला घरी बोलावून बरोबर बसून प्यायला आवडेल. माझ्याविरुद्ध मत देणारा तर मला ठाऊकच आहे. डिसेंबरात येतोय. वहिनींना नमस्कार सांग, भडंग करून ठेवायला सांग.

तुझाच,
१६७ नाबाद नव्हे, चार मॅचमध्ये