झाडांखालची जमीन खणण्याआधी

संपादक महोदय,

बाजारात शेवळं ही रानभाजी दिसली की पाऊस जवळ आला, असं आमच्या कायस्थ घरांत मानतात. आदिवासी बाया जुड्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात, सोबत काकडं ही आंबट रानफळंही देतात. काकडांशिवाय शेवळांची खाज जात नाही. सोडे (सुकी कोळंबी) घालून केलेली शेवळांची कणी ही भाजी आवडीने खाणाऱ्या कित्येकांना आपण रानातला फुलोरा खातोय याची कल्पना नसते.

शेवळ हे सुरणाच्या कुळातलं. झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याखालच्या ओलसर मातीत त्याचा कंद असतो. वळवाच्या सरी पडल्या की पान येण्याआधीच फुलोऱ्याचा जांभळट-तपकिरी कोष थेट जमिनीतून वर येतो. उमलल्यावर त्याला कुजकट वास सुटतो, त्या वासावर कीटक येतात आणि परागीभवन होतं. मग ठिपकेदार दांड्यावर छत्रीसारखं एकच पान. पावसाळाभर ते कंद पोसतं आणि पाऊस सरला की वाळून जातं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जमिनीवर काहीही दिसत नाही.

त्यामुळे जागा रिकामी वाटते, म्हणूनच हे पत्र. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असला तरी खड्डे मे महिन्यातच खणले जातात. गेल्या वर्षी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत, आमच्या वसाहतीमागे, ऐनाच्या जुन्या झाडांखालचा पाचोळा झाडून ‘मोकळ्या’ जागेत खड्डे खणले गेले. कुदळीने कापलेले कंद मातीच्या ढिगांवर उन्हात सुकत पडले होते. मला फार वाईट वाटलं. खणणारी मंडळी मनापासून राबत होती, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण लावला काय, तर गुलमोहर! मूळचा मादागास्करचा, भरपूर ऊन लागणारा. ऐनाच्या सावलीत तो वाढणार कसा?

त्याच मातीत रानहळद, पेव, कळलावी या रानवनस्पतींचे कंदही उन्हाळाभर झोपलेले असतात.

महापालिका, वनखातं आणि सोसायट्यांना माझी विनंती आहे, की रोपं उघड्या, उन्हाच्या जागी लावावीत. जुन्या झाडांखालचा पाचोळा तसाच राहू द्यावा. तिथे काही करायचंच असेल तर आधी ऑगस्टमध्ये फिरून कुठे काय उगवलंय त्याच्या खुणा करून ठेवाव्यात, आणि त्या वेळी पाड्यांवरच्या वारली बायांना सोबत घ्यावं. कोणता कंद कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. यंदाचे खड्डे अजून खणले नसतील, तर निदान झाडांखालचे तरी रद्द करावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, बोरिवली (पूर्व), मुंबई