सांडपाण्याचा रंग गेला, पुढे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांडपाण्यातील विषारी सेंद्रिय प्रदूषकांवर ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ हा रामबाण उपाय असल्याचे हल्ली सर्रास सांगितले जाते. या तंत्राच्या ताकदीविषयी दुमत नाही. परंतु प्रात्यक्षिकात गडद पाणी बघता बघता नितळ होते आणि तेवढ्यावरच ते शुद्ध झाल्याचा निर्वाळा दिला जातो, याला माझी हरकत आहे.

ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, अतिनील किरण किंवा लोहक्षार यांच्या साहाय्याने पाण्यात हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन व हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील कण) निर्माण करणे, हे या पद्धतींचे मर्म. ओझोनचे ऑक्सिडीकरण विभव (ऑक्सिडीकरणाच्या ताकदीचे माप) सुमारे २.१ व्होल्ट, तर या मूलकाचे सुमारे २.८ व्होल्ट असते. तो क्षणार्धात नाहीसा होतो, पण तेवढ्यात बहुतेक सेंद्रिय रेणूंवर तुटून पडतो.

मात्र रेणू मोडणे आणि त्याचा पार कार्बन डायऑक्साइड व पाणी होणे, यांत बरेच अंतर आहे. फेंटन पद्धतीत, म्हणजे आम्लधर्मी पाण्यात फेरस क्षार व पेरॉक्साइड घातल्यावर, फिनॉल या विषारी सेंद्रिय संयुगाचे रंगहीन द्रावण आधी तपकिरी होते, कारण त्यातून कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार होतात. यांपैकी शेवटचे दोन जलचरांना मूळ फिनॉलपेक्षाही कितीतरी घातक असतात. पेरॉक्साइडचा खर्च वाचवण्यासाठी प्रक्रिया येथेच आवरती घेतली, तर ‘फिनॉल नष्ट झाले’ हा अहवाल खरा ठरतो आणि पाणी मात्र पूर्वीपेक्षा विषारी होऊन बाहेर पडते. कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या अझो रंगांचेही तेच: रंग देणारा बंध लवकर तुटतो, रेणूतील कार्बनची वलये मागे उरतात.

शिवाय प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात मिळालेले आकडे प्रत्यक्ष सांडपाण्याला लावता येत नाहीत. त्यातील बायकार्बोनेट आणि क्लोराइड मूलकांना मध्येच गिळतात, गढूळपणा अतिनील किरणांना अडवतो. (उरलेले पेरॉक्साइड सीओडीचा, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण मोजणाऱ्या रासायनिक ऑक्सिजन मागणीचा, आकडा उगाच फुगवते, ही आणखी एक गंमत.) फेंटन पद्धतीत लोहाचा गाळ उरतो, त्याची विल्हेवाट कोण लावणार, हे तर सहसा कोणी विचारतही नाही.

माझ्या मते, चिवट रेणू जिवाणूंना पचतील इतपत फोडून पुढचे काम जैविक प्रक्रियेवर सोपवणे, हाच या तंत्राचा परवडणारा उपयोग आहे. तेव्हा अशा यंत्रणेचा दावा करणाऱ्यांनी प्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या प्रत्यक्ष सांडपाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन आणि जलचरांवरील विषाक्ततेच्या चाचणीचे निष्कर्ष रंगाच्या छायाचित्रांसोबत जाहीर करावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक रसायन अभियंता